मिर्झा अबू तालिब यांनी पाहिलेले इंग्रज

कोकणातल्या कुठल्याही मुस्लिम मोहल्ल्यात जा, कोणा ना कोणाचा मुलगा, भाऊ किंवा जावई आखातात असतोच. तो सुट्टीवर आला की पेटीतल्या खजुरांबरोबर मतेही घेऊन येतो. तिथला कायदा किती कडक, सिग्नल तोडला तर दंड किती, कफील पासपोर्ट कसा दाबून ठेवतो, अमेरिकेचे पुढचे पाऊल काय असेल आणि आपल्या ग्रामपंचायतीचे कुठे चुकते. ऐकणारे ऐकतात, कोणी मागून हसतात. पण परदेशात राहिलेल्या माणसाला दोन देश शेजारी ठेवून पाहता येतात, ही सोय गावात राहणाऱ्याला नसते. त्याची सगळी मते बरोबर असतात असे नाही. कधी कधी तर आपल्या घरातले न दिसणारे कोपरेच त्या मतांमधून उघडे पडतात.

अशी मते लिहून ठेवणारे आपल्याकडचे एक जुने गृहस्थ म्हणजे मिर्झा अबू तालिब खान. जन्म लखनौ, १७५२. वडील मूळचे इस्फहानचे, तुर्क वंशाचे. अबू तालिब यांनी अवधच्या नवाबाकडे महसुलाची कामे केली, दरबारी राजकारणात पडले, त्यातून उठले आणि शेवटी कलकत्त्यात इंग्रज ओळखीपाळखीच्या भरवशावर दिवस काढू लागले. नोकरीचे आश्वासन मिळे, नोकरी मिळत नसे. अशा वेळी डेव्हिड रिचर्डसन नावाच्या स्कॉटिश कॅप्टनने सुचवले, माझ्याबरोबर विलायतेला चला. फेब्रुवारी १७९९ मध्ये ते जहाजात बसले. वय सेहेचाळीस-सत्तेचाळीस. या वयात आपल्याकडचे लोक हजची तयारी करतात. हे निघाले लंडनला.

विलायतेला जाऊन त्यावर फारसीत लिहिणारे ते पहिले नव्हेत. त्यांच्याआधी तीस-बत्तीस वर्षे बंगालचे मिर्झा इतिसामुद्दीन जाऊन आले होते. मराठ्यांच्या बाजूनेही १७८१ मध्ये रघुनाथरावांचे वकील हणमंतराव आणि त्यांच्याबरोबर पारशी माणसे लंडनला पोहोचली होती; त्या मंडळींची सोवळ्याओवळ्याची अडचण ओळखून एडमंड बर्क यांनी त्यांची सोय आपल्याकडे केली. पण हणमंतरावांच्या मनात इंग्रजांबद्दल काय आले, याचे पुस्तक आपल्या हाती नाही. अबू तालिब यांचे आहे, आणि ते जाडजूड आहे. नाव ‘मसीर-ए-तालिबी फी बिलाद-ए-अफरंजी’, म्हणजे तालिबचा फिरंग्यांच्या मुलखातला प्रवास.

वाटेत केप टाउन लागले. तिथल्या डच लोकांवर मिर्झासाहेब जाम उखडले. पाहुण्याला लुबाडतात आणि गुलामांना फार वाईट वागवतात, असे त्यांनी नोंदवले. त्याच गावात त्यांना बरेच दीनदार मुसलमान भेटले आणि त्यातले काही चांगले पैसेवाले होते. डचांनी आशियातून गुलाम, कैदी आणि हद्दपार म्हणून आणलेल्या माणसांमधून ही वस्ती वाढली होती.

इंग्लंडच्या आधी जहाज आयर्लंडला लागले. कॉर्कमध्ये त्यांना एक दीन मुहम्मद भेटले. हे तेच ‘शेक दीन महोमेद’, ज्यांनी १७९४ मध्ये इंग्रजीत पुस्तक छापले आणि पुढे लंडनमध्ये हिंदुस्थानी खाणावळ काढली. त्यांनी आयरिश बाईशी लग्न केले होते, मुलेबाळे होती. कॉर्कमध्ये दोन हिंदी मुसलमान समोरासमोर बसले आहेत, एक परतीचा विचार मनात ठेवून आलेला आणि दुसरा कायमचा राहिलेला. मिर्झासाहेबांनी ही भेट थोडक्यात उरकली आहे. अजून लिहिले असते तर बरे झाले असते.

आयर्लंडमधल्या शेतकऱ्यांची गरिबी पाहून मात्र ते थबकले. त्यांच्यापुढे हिंदुस्थानचा शेतकरी श्रीमंत म्हणावा लागेल, असा त्यांचा अभिप्राय आहे. हे वर्ष लक्षात घ्या. १७९८ चे आयरिश बंड नुकतेच मोडून काढले होते आणि आयर्लंडची स्वतंत्र पार्लमेंट गुंडाळून ती लंडनला जोडण्याचे काम चालू होते. ते काम करणारे व्हाइसरॉय होते लॉर्ड कॉर्नवॉलिस, म्हणजे बंगालमध्ये कायमधारा आणणारे आणि टिपू सुलतानांकडून दोन शहजादे ओलीस घेणारे. अबू तालिब यांची त्यांच्याशी हिंदुस्थानातली ओळख होती. डब्लिनमध्ये भेट झाली, आदरसत्कार झाला. साम्राज्य चालवणारी माणसे तीच तीच असतात आणि एका मुलखातून दुसऱ्या मुलखात फिरतात, हे त्या भेटीतून आपल्याला दिसते. मिर्झासाहेबांना त्याचे काही विशेष वाटलेले दिसत नाही.

जानेवारी १८०० मध्ये ते लंडनला आले आणि १८०२ च्या जूनपर्यंत राहिले. राजा-राणीची भेट झाली. लंडनच्या मंडळींनी त्यांना ‘पर्शियन प्रिन्स’ करून टाकले. लखनौचा बेकार महसुली अधिकारी तिथे शहजादा झाला! मेजवान्या, नाटके, नाच, सुंदर स्त्रियांवर फारसी कविता, सगळे झाले. शास्त्रे शिकायला आलो होतो पण मौजेत रमलो, हे ते स्वतःच सांगतात. परक्या गावात प्रतिष्ठा अशी फुकट मिळते तेव्हा टीका करण्याची धार बोथट होते, हा आपला नेहमीचा अनुभव. त्यांची तशी झाली नाही, म्हणून तर हे पुस्तक वाचायचे.

पार्लमेंट त्यांनी पाहिली. दोन बाजूंना बसून भांडणारे सभासद पाहून त्यांना आठवले ते समोरासमोरच्या दोन आंब्यांच्या झाडांवर बसून एकमेकांवर कलकलणारे पोपटांचे थवे. त्यात सर्वांत मोठा आवाज पिट आणि फॉक्स या दोघांचा. ही उपमा प्रसिद्ध आहे. माझ्या दृष्टीने तिच्याहून महत्त्वाचा मुद्दा पुढे येतो. हे लोक बसून कायदे का करतात, हे त्यांना आपल्या वाचकांना समजावून सांगावे लागले. ते सांगतात की या लोकांकडे आपल्यासारखा आसमानी कायदा नाही, म्हणून काळाची गरज, लोकांचा स्वभाव आणि न्यायाधीशांचा अनुभव पाहून ते स्वतःच कायदे ठरवतात. फारसी वाचणाऱ्या मुसलमान वाचकाला १८०४ च्या सुमारास कोणीतरी सांगतो आहे की माणसे एकत्र बसून कायदा बनवू शकतात आणि बदलू शकतात. यात निषेध नाही की कौतुकाचा पूर नाही. नुसती माहिती आहे, आणि ती माहिती त्या काळात किती नवी होती याचा विचार करा.

न्यायालयांबद्दल ते इतके थंड राहिले नाहीत. ज्यूरीची पद्धत त्यांना आवडली: बारा सामान्य माणसे बसतात आणि गुन्हा झाला की नाही ते ठरवतात. पण नीट पाहिल्यावर त्यांच्या लक्षात आले की न्यायाधीशाला निकाल पसंत पडला नाही तर तो ज्यूरीला पुन्हा विचार करायला लावतो, आणि शेवटी त्याचेच चालते. शिवाय त्यांना स्वतःला एका शिंप्याने कोर्टात ओढले. शिलाईचा दर आधी ठरलेला, काम झाल्यावर शिंप्याने जास्त मागितले, यांनी ठरल्याप्रमाणे दिले, तो कोर्टात गेला आणि जिंकला. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा की तिथे कायदा पुष्कळदा न्यायाच्या वर चढतो. साधा माणूस खरे बोलून हरतो, लबाड माणूस नियम ओळखून जिंकतो, आणि न्यायाधीश कितीही भला असला तरी त्याचे हात बांधलेले असतात. कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाचे हाल तर त्यांनी आधीच पाहिले होते. परकी भाषा, वकिलांचा खर्च, साक्षीला आलेल्या गरिबाची उलटतपासणीत उडणारी भंबेरी. ही तक्रार आजही कुठल्याही तालुका कोर्टाच्या पायरीवर ऐकायला मिळेल. वकिलांनी रागावू नये.

छपाईचे स्वातंत्र्य त्यांना मनापासून भावले. मंत्र्यांची हास्यचित्रे काढून दुकानांत उघड विकली जातात आणि कोणाचे डोके उडत नाही, हे लखनौच्या दरबारात वाढलेल्या माणसाला अजबच. पण तिथल्या समतेबद्दल ते सावध आहेत. कायद्यापुढे सगळे सारखे असे इंग्रज म्हणतात खरे, मात्र श्रीमंत आणि गरीब यांच्या सुखसोयींमधले अंतर हिंदुस्थानापेक्षा तिथे जास्त आहे, असे त्यांनी लिहून ठेवले.

मग येतात इंग्रजांचे बारा दोष. होय, बारा, मोजून. धर्मावरची सैल झालेली श्रद्धा, गर्व, पैशाचा हव्यास, आळस, तापट स्वभाव, झोपण्या-जेवण्या-नटण्यात वाया जाणारा वेळ, चैन, उधळपट्टी वगैरे. सगळे दोष सारख्या वजनाचे नाहीत आणि काही तर चिडचिडीतून आलेले वाटतात. थंडीच्या देशात कपडे चढवायला वेळ लागतो, त्याला कोण काय करणार! पण तीन ठिकाणी मिर्झासाहेबांची नजर लांबवर गेली आहे.

पहिला गर्वाचा दोष. पन्नास वर्षे नशीब साथ देत आले म्हणून हे लोक वाईट दिवसांची कल्पनाच करत नाहीत. १८०० मध्ये पीक बुडून पाव महागला आणि लंडनमध्ये दंगे झाले. सरकारने शिपाई फिरवले, पण लोकांच्या पोटाचे काय याची फिकीर फारशी केली नाही. फ्रान्समध्ये क्रांती अशाच दुर्लक्षातून वाढली, हे अबू तालिब आठवण करून देतात. इंग्लंडवर युद्धाचे प्रचंड कर्ज होते आणि त्याच्या व्याजासाठी खिडक्यांपासून सगळ्यावर कर. त्यावर त्यांनी उपायही सुचवला: सावकारांना बोलवा आणि देशासाठी कर्जाचा काही भाग सोडून द्यायला सांगा. हे कोण ऐकणार होते? परंतु दुसऱ्याच्या देशाचा जमाखर्च मांडून त्याला सल्ला देण्याची परदेशस्थ माणसाची हौस किती जुनी आहे ते यावरून दिसेल.

दुसरा दोष मला शिक्षक म्हणून फार पटतो. भाषेचे चार शब्द आले की इंग्रज लगेच पुस्तक छापतात, असे ते म्हणतात. रोख सर विल्यम जोन्स यांच्या १७७१ च्या फारसी व्याकरणावर आहे. ते पुस्तक वाचून आलेल्या विद्यार्थ्यांच्या मनातले चुकीचे काढून टाकण्यात बराच वेळ जातो, ही त्यांची तक्रार. जोन्स यांचे नंतरचे काम उत्तम आहे, हेही ते मान्य करतात. तरुणपणी घाई झाली इतकेच. मराठी माध्यमातल्या मुलांना उर्दू शिकवताना ‘तीस दिवसांत उर्दू’ छापाच्या पुस्तकांनी जे घोळ घातलेले असतात ते निस्तरावे लागतात. तेव्हा मिर्झासाहेब, आपण एकाच पंगतीतले.

तिसरा दोष यादीत शेवटचा: दुसऱ्यांच्या चालीरीती तुच्छ मानणे. जेवणापासून वुजूपर्यंत आणि हजच्या विधींपर्यंत सगळ्यावर त्यांना चेष्टा सहन करावी लागली. आणि यातूनच त्यांचा एक वेगळा लेख जन्माला आला. एका इंग्रज बाईने म्हटले की आशियातल्या स्त्रियांना स्वातंत्र्य कसले, त्या तर कोंडलेल्या. मिर्झासाहेबांनी उत्तर लिहिले. रिचर्डसन यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि १८०१ च्या एशियाटिक ॲन्युअल रजिस्टरसाठी तो छापला गेला.

त्या लेखातला मुख्य युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे. मुसलमान बाईची संपत्ती तिची स्वतःची असते. मेहर तिचा. नवऱ्याच्या मालमत्तेवर आणि घरातल्या नोकरचाकरांवर तिचा अधिकार चालतो. ती माहेरी जाऊन आठवडेच्या आठवडे राहू शकते. तलाक झाला तर मुली आईकडे राहतात. एकापेक्षा जास्त लग्नांचे समर्थन करताना मात्र त्यांची गाडी घसरते आणि दोन बायकांपेक्षा दोन वाघिणींबरोबर राहणे सोपे, अशा अर्थाची कोटी करून ते पुढे सरकतात.

कायद्याच्या पुस्तकापुरते पाहिले तर ते चुकीचे बोलत नव्हते. त्या काळच्या इंग्लंडमध्ये लग्न झाले की बाईची जंगम मालमत्ता नवऱ्याची होई. तिच्या नावाने स्वतंत्र मालकी ठेवण्याचा हक्क देणारे कायदे १८७० आणि १८८२ चे. घटस्फोट हवा असेल तर १८५७ पर्यंत पार्लमेंटकडून खास कायदा करून घ्यावा लागे, म्हणजे तो बड्या पुरुषांचाच खेळ. विभक्त झालेल्या आईला लहान मुलांवर थोडाफार हक्क मिळाला तो १८३९ मध्ये. इंग्रज बाईंना हे माहीत असते तर त्यांनी जरा जपून बोलले असते.

मात्र या युक्तिवादातली एक फट मिर्झासाहेबांनी उघडून दाखवली नाही. त्यांनी इंग्रजांचा व्यवहार आणि आपला ग्रंथ अशी तुलना केली. ग्रंथात वाटा आहे म्हणून हातात वाटा पडतो असे नाही. मुंबईतच १८४७ मध्ये खोजा आणि मेमन समाजातल्या मुली कोर्टात गेल्या की आम्हाला कुरआनप्रमाणे बापाच्या मालमत्तेत हिस्सा मिळावा. सर अर्स्किन पेरी यांच्यासमोर खटला चालला. मुलींच्या विरोधात उभे राहिले ते त्यांचेच मुसलमान नातेवाईक, आणि त्यांचे म्हणणे असे की आमच्या जमातीचा रिवाज मुलींना हिस्सा देत नाही. कोर्टाने रिवाज मान्य केला. मुली हरल्या. पुढे १९३७ चा शरियत कायदा आला तो असे रिवाज मागे सारण्यासाठीच, पण त्यातूनही शेतजमीन वगळली गेली. म्हणजे ज्या मालमत्तेत बहुतेकांचे सगळे काही होते तीच बाहेर.

आणि आज? बाप गेल्यावर चाळिसाव्याच्या आत-बाहेर बहिणींना तहसीलला नेऊन हक्कसोडपत्रावर अंगठा किंवा सही घेतली जाते, हे कोकणात काय आणि मराठवाड्यात काय, सर्वांना ठाऊक आहे. बहीण सही करते, कारण माहेरचा दरवाजा बंद होण्याची भीती असते. तेच भाऊ जुम्याच्या बयानानंतर चहा पिताना अभिमानाने सांगतात की इस्लामने चौदाशे वर्षांपूर्वी बाईला वारसा दिला. दिला, नक्कीच दिला. पण तो वाटा बहिणीच्या हाती पडला का, हे कोण विचारणार? अबू तालिब लंडनच्या दिवाणखान्यात परक्यांच्या चेष्टेला उत्तर देत होते, त्यांना घरचे उणे तिथे मांडण्याची गरज वाटली नसेल. चारचौघांत घरच्यांची बाजू घेणे समजण्यासारखे आहे. ते भाषण आपण आपल्याच घरात आपल्याच बहिणींसमोर करतो तेव्हा ते समजण्यासारखे राहत नाही. शिवाय त्यांचे म्हणणे हवेलीतल्या, नोकरचाकर बाळगणाऱ्या बेगमांपुरते होते. विणकराच्या किंवा मोलमजुरी करणाऱ्याच्या घरातली बाई त्यात कुठे दिसत नाही.

१८०२ च्या मार्चमध्ये अमिअँचा तह होऊन इंग्लंड-फ्रान्समधले युद्ध थांबले आणि मिर्झासाहेब पॅरिसमार्गे परत निघाले. इटलीची बंदरे, माल्टा, स्मर्ना, इस्तंबूल, मोसुल, बगदाद. युरोपात आपल्या लोकांची बाजू घेणारा हा माणूस तुर्कांच्या मुलखात आल्यावर तिथलीही खरडपट्टी काढतो. कहवाखाने, तंबाखू, बसून राहणे. करबला आणि नजफ इथे झियारत केली. थोड्याच काळापूर्वी नज्दहून आलेल्या वहाबी टोळ्यांनी करबला लुटून हजारो माणसे मारली होती, त्याच्या खुणा ताज्या होत्या. शिया घराण्यातल्या त्या यात्रेकरूने लिहिलेली ही पाने पुस्तकातल्या सर्वांत जड पानांपैकी आहेत. परदेशात चाली हिणवणारे परके होते. इथे कलमा वाचणाऱ्यांनीच कलमा वाचणाऱ्यांना कापले होते.

बसऱ्याहून जहाजाने ते मुंबईला उतरले, तेव्हा जोनाथन डंकन गव्हर्नर होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईच्या कोटात मोठी आग लागून बराच भाग जळाला होता. दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह करून इंग्रजांची तैनाती फौज पत्करलेली होती आणि घाटावर युद्धाची तयारी चालू होती. ऑगस्ट १८०३ च्या सुरुवातीला अबू तालिब कलकत्त्याला पोहोचले. त्याच महिन्यात वेलस्लीने अहमदनगरचा किल्ला घेतला आणि सप्टेंबरात असईची लढाई झाली. इंग्रजांचे गर्व, हव्यास आणि परक्यांबद्दलची तुच्छता हे तीन दोष ज्याने यादीत लिहिले तो माणूस मुंबईहून निघाला आणि आठवड्यांतच त्या दोषांनिशी इंग्रज दख्खनचे मालक होऊ लागले. पुस्तकात या सत्तेला विरोध शोधू नका, तो नाही. मिर्झासाहेब त्यांच्या मेहेरबानीवर जगत होते आणि पुढेही जगणार होते. आश्रित माणूस बारा दोष लिहितो, हेच पुष्कळ झाले असे मला वाटते. कोणी म्हणेल, दोष लिहून नोकरी मागितली. तसेही झाले.

नोकरी शेवटी मिळाली. बुंदेलखंडातल्या एका जिल्ह्याच्या महसुलाचे काम त्यांच्याकडे आले आणि त्या कामावर असतानाच १८०६ च्या सुमारास ते वारले. मागे कुटुंबासाठी काही उरले नव्हते. कंपनीने बायको-मुलांना पेन्शन बांधून दिले. चार्ल्स स्टुअर्ट यांचा इंग्रजी अनुवाद १८१० मध्ये लंडनला निघाला, फ्रेंच आणि जर्मन भाषांतरे लगोलग झाली, आणि मूळ फारसी पुस्तक १८१२ मध्ये कलकत्त्यात छापले गेले. ते छापण्यासाठी तयार करणाऱ्या दोघांत एक त्यांचा मुलगा होता.